चौतीस टक्के सावली

टक्केमामांना खरं नाव होतं, पण ते आता वीजबिलापुरतंच उरलं होतं. गेली बारा वर्षं ते लोकांच्या गच्च्यांवर चढून, तिथे सोलरची पॅनेल बसवली तर आजूबाजूची झाडं किती ऊन खातील, याचा अंदाज काढून देत. त्या नादात टक्के बोलण्यात शिरले ते शिरलेच. आमटीत मीठ बारा टक्के जास्त, जावई साठ टक्के बरा. बायकोने एकदा विचारलं, "आणि मी?" मामांनी त्या दिवशी प्रथमच आकडा सांगायचं टाळलं, आणि पुढे कित्येक वर्षं तेच आपलं सगळ्यात अचूक काम असं ते म्हणत.

कामाची रीत सोपी होती. पॅनेल बसणार त्या जागी तिपाईवर गोल भिंगाचा कॅमेरा ठेवायचा. एका फोटोत अख्खं आभाळ येतं, आणि कडेने झाडं, घरं, खांब आत डोकावताना दिसतात. संगणक त्यावर सूर्याच्या वर्षभराच्या वाटा आखतो, वाटेत जे काळं आडवं येतं ते मोजतो आणि तुटीचा आकडा देतो. पंधरा टक्क्यांपर्यंत चालवून घ्यायचं. त्यापुढे गेलं की पॅनेलची जागा बदलायची, नाहीतर झाड तोडायचं.

यात पथ्य एकच. बटण दाबताना आपण कॅमेऱ्याच्या खाली बसायचं. हाताखालच्या नव्या माणसांना मामा ओरडून सांगत, "डोकं खाली! तुमचं डोकं मध्ये आलं तर संगणकाला ते झाडच वाटेल. आत काही नाही, हे त्याला कसं कळणार?"

दोन वर्षांपूर्वी मात्र मामांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. खाली बसलं तर उठवायला माणूस लागायचा. तेव्हापासून ते बसायच्या ऐवजी नुसते वाकत. वाकलं म्हणजे बसल्यातच जमा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्याला समजावताना घसा सुकतो, स्वतःला समजावताना मुळीच वेळ लागत नाही.

आकडा मात्र अजून दगडावरची रेघ होता. गेल्या वर्षी निवृत्त मास्तरांच्या दारातलं झाड मामांच्या अठ्ठावीस टक्क्यांनी आडवं झालं. मास्तर आता अंगणात छत्री उघडून पेपर वाचत. जाता-येता मामा त्यांना हात करत, तेही करत.

आणि आता पाळी ताईची होती. मामांची ही थोरली बहीण घरात शिवणकाम करून पोट भरायची. वीज अर्धा दिवस नसायची, मोटरचं मशीन ठप्प व्हायचं आणि गिऱ्हाईकं कापड परत घेऊन जायची. तिला सोलरशिवाय गत्यंतर नव्हतं. गच्ची एवढीशी, त्यामुळे जागा बदलायचा प्रश्नच नव्हता. आणि गच्चीला खेटून भावजींनी लावलेलं बदामाचं झाड. भावजी जाऊन सहा वर्षं झाली होती. उन्हाळ्यात ताई मशीन ओट्यावर काढून त्याच्याच सावलीत शिवायला बसे.

मामांनी मोजलं. चौतीस टक्के.

"म्हणजे तोडावं लागेल?" ताईने विचारलं.

"आकडा काय माझ्या मनाचा आहे का, ताई?"

रविवारी सकाळी करवतवाला आला, तेव्हा झाडाचं आळं ओलं होतं. तोडायच्या झाडाला तिने पाणी घातलं होतं. मामांना ते दिसलं आणि ते उगाचच मोबाइल काढून बघत बसले.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "सगळंच झाड ऊन खातंय, की एखादी फांदी? कुठली ते दाखव. तेवढीच तोडू."

मामा तिला आणि करवतवाल्याला घेऊन गच्चीवर गेले आणि मोबाइलवर तो फोटो उघडला. आकडा मिळाल्यावर चित्र कोण बघतो? त्यांनीही पाहिलं नव्हतं. डावीकडे बदाम होता, कडेला, अंग चोरून. आणि सूर्याच्या वाटांच्या ऐन मध्यावर एक मोठा काळा गोळा, कडा पानांसारख्या विस्कटलेल्या. मामांनी मान वर करून पाहिलं. तिथे फांदी नव्हती. स्वच्छ आभाळ होतं.

त्यांचा हात डोक्यावरच्या, कडा उसवलेल्या गवती टोपीकडे गेला.

करवतवाला खाली दोर सोडत होता. मामांच्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की गप्प बसावं. झाड गेलं की ऊन भरपूर, वीज भरपूर, ताई खूश. चूक झाडाबरोबरच जळणात जाईल. पुरावा दुसऱ्याच्या हातून नाहीसा होण्याची एवढी सोय चोरांच्याही नशिबी नसते. मग त्यांना ते ओलं आळं आठवलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

"थांबा हो," ते करवतवाल्याला म्हणाले. "ताई, ही फांदी नाही. हा मी आहे."

ताईने मोबाइल हातात घेतला. चाळीस वर्षं कापडाच्या कडा पाहिलेली नजर ती. "ही तर तुझी टोपी! दे, शिवून देते, म्हणून वर्षभर मागे लागलेय तुझ्या."

मामांनी टोपी काढली, कॅमेरा पुन्हा मांडला आणि गच्चीवर चक्क उताणे झोपले. बटण दाबलं. तूट आली नऊ टक्के. उठवायला करवतवाला लागला. "तोडायला बोलावलंत आणि उचलायला लावलंत," तो म्हणाला. मामा हसले आणि म्हणाले की पंचवीस टक्के ऊन खाणारा टोणगा आधी उचलला ते बरंच झालं.

ताईही हसली, डोळे पुसत. मग तिची नजर मामांच्या गुडघ्यांवर गेली.

"गुडघे दुखायला लागून दोन वर्षं झाली ना रे तुझे?"

"हो."

"मग दोन वर्षांत अशी किती झाडं..."

मामांपाशी आकडा नव्हता. ते खाली आले, बदामाखाली ओट्यावर बसले आणि जुने फोटो एकेक करून उघडू लागले. पहिल्यात टोपी नव्हती. दुसऱ्यात नव्हती. तिसरा फोटो मास्तरांच्या गच्चीवरचा होता.

बराच वेळ ते तो फोटो मोठा करून बघत राहिले. मग टोपी ओट्यावरच ठेवून ते उठले आणि उघड्या डोक्याने मास्तरांच्या घराकडे चालू लागले. रविवार होता, मास्तर छत्री उघडून अंगणातच बसलेले असणार होते.