सदतीस घरी जाऊन आलेली सुहासिनी

माझी बायको सुहासिनी कृत्रिम पाय बनवते. लखनौमध्ये चौकाजवळच्या एका छोट्या कार्यशाळेत ती मुख्य इंजिनिअर आहे. तिचे वडील नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पाच भावंडांत ही थोरली. पहिल्या नंबराखेरीज दुसरा नंबर असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. लग्नानंतर माझ्या बँकेच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो, तरी तिचा स्वभाव तोच राहिला. रविवारी चर्च सुटलं की मी आणि आमची मुलगी मैत्रेयी घरी यायचो आणि ही तडक कार्यशाळेत जायची.

साडेचार वर्षांपूर्वी तिने एक हलकं, स्वस्त पाऊल तयार केलं. पेपरात फोटो आला, सत्कार झाले. सहा महिन्यांत सदतीस जणांना ते बसवलं. त्यांतला एक जयसिंग. भरतकाम झालेले चिकनचे कुर्ते गोमतीच्या काठी धुवायचं त्याचं काम. एका सकाळी तो पाण्यात उभा असताना पावलाचा तळवाच सुटला. तो पडला, मनगट मोडलं.

सुहासिनीने ते पाऊल कापून पाहिलं. आतला चिकटवलेला थर पाण्याने उकलला होता. तिने सगळ्या चाचण्या कोरड्या फरशीवर घेतल्या होत्या. 'वापरणाऱ्याची चूक' असं लिहून मोकळं व्हावं, असं एकदोघांनी सुचवलं. तिने ऐकलं नाही. चूक माझी, असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं आणि जुन्या पद्धतीची पावलं घेऊन सदतीसच्या सदतीस घरी ती स्वतः गेली. प्रत्येक दारात माफी मागितली. काहींनी सुनावलं. जयसिंगच्या बायकोने चहा पुढे केला.

हे सगळं तिने ताठ मानेने केलं, पण आतून ती मोडली होती. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि प्रभुभोजनाच्या वेळी भाकरी घ्यायला पुढे जायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "कुठल्या तोंडाने जाऊ?"

असे तीन महिने गेले. मग एका रविवारी आमचे म्हातारे पाद्रीसाहेब भाकरीची थाळी घेऊन, काठी टेकत, थेट तिच्या बाकापाशी आले.

"बेटी, यह कमाया नहीं जाता," ते हळूच म्हणाले. "लिया जाता है।"

तिने हात पुढे केला. भाकरीचा तुकडा घेतला.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "मी देवापुढेसुद्धा पहिला नंबर काढायला बघत होते रे. त्याने कधी मार्क मागितलेच नव्हते." त्या दुपारी ती जेवून जी झोपली, ती पाच वाजेपर्यंत. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, तिला रविवारी दुपारी झोपलेलं मी प्रथमच पाहत होतो.

नव्या पावलाला दोन वर्षं लागली. नमुना पाण्यात वापरून बघायला जयसिंग आपणहून तयार झाला. आठ दिवसांनी, एका शनिवारी, तो नमुनाही तडकला. या वेळी कोणाला इजा झाली नाही. सुहासिनीने जेवताना सगळं सांगितलं, वरण मागून घेतलं आणि म्हणाली, "सोमवारी बघते." दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यशाळेतून तिची सहकारी देविका हिचा फोन आला, तेव्हा मैत्रेयीने उचलून सांगितलं, "मम्मी सो रही हैं, आंटी. आज संडे है ना।"

त्यापुढचा नमुना टिकला. जयसिंग दीड वर्ष त्यावर उभा राहून कुर्ते धुतोय.

गेल्या महिन्यात इथल्या इंजिनिअरांच्या संघटनेने तिचा सत्कार केला. माइकसमोर तिने आधी जयसिंग कसा पडला ते सांगितलं, कोरड्या फरशीचंही सांगितलं, आणि मग नव्या पावलाचं. मी दुसऱ्या रांगेत होतो. शेजारी उशिरा येऊन बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी, "कौन हैं ये?" असं विचारलं.

मी जरा मोठ्यानेच सांगितलं, "मेरी पत्नी हैं।"