अर्जातली चौथी तक्रार

वानखडेकाका अर्ज वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घेत नसत. रिसोडच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत, आमच्यासारखेच भाडेकरू. तहसीलसमोर टेबल टाकून त्यांनी उभा जन्म लोकांचे अर्ज लिहिले होते. दारात आले की चष्मा पुसायचे आणि अख्खा कागद मोठ्यानं वाचायचे. मला शाळेची घाई, मी आधीच पेन मागायचो. "मास्तर, न आयकता सही करसान तं उद्या इचारल्यावर काय सांगसान?" म्हणत ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत.

जुने घरमालक वारले आणि त्यांच्या मुलानं एकेक सोय काढून घेतली. जिना झाडणारी बाई बंद केली, जिन्यातले दिवे काढले, खालचा सामाईक नळ तोडला आणि शेवटी लिफ्टला कुलूप लावलं. आम्ही आपापल्या दारात नुसते कुरकुरत होतो. काकांनी अर्ज लिहिला. त्यात झाडणं पहिलं, दिवे दुसरे, नळ तिसरा आणि लिफ्ट चौथी. खरी नड लिफ्टची होती, तीही त्यांचीच. अर्धांगवायूनंतर सुमनकाकूंचा उजवा पाय उचलत नव्हता. लिफ्टची तक्रार वर घ्या, काकूंचंही लिहा, असं मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"अर्ज लिवणाऱ्यानं सोताचं सगळ्यात खाली लिवाव. नाही तं लोक म्हनतीन, आपल्यासाठी सह्या गोया केल्या."

मालकानं अर्ज घेतला. आठवड्यात बाई आली, मग दिवे लागले, नळही आला. लिफ्टचं मात्र बघू म्हणाला. काका दुसरा अर्ज घेऊन फिरले. त्यात एकच ओळ होती. पण आमचं काम झालं होतं, आम्ही थंड पडलो. जास्त ताणलं तर घर खाली करायला लावेल, असं कुणी म्हणालं. मीही म्हणालो, परीक्षा आटोपू द्या. लिहितानाही लाज वाटते, पण म्हणालो. काकांनी आग्रह केला नाही. "सही मांगाव, वढून घेऊ नाही," एवढंच बोलून त्यांनी कागदाची घडी घातली.

काकू वर्षभर खाली उतरल्या नाहीत. पौर्णिमेला विहारात जायची त्यांना फार ओढ होती. खुर्चीवर बसवून नेऊ म्हटलं तर चौघांच्या हातांवर जायला त्या लाजत. गॅलरीतून भाजीवालीशी बोलायच्या, तेवढंच त्यांचं बाहेरचं जग उरलं होतं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्या गेल्या. आम्ही चौघांनी त्यांना उचललं. तो जिना दिवसाही अंधारा, पण वळणावळणावर दिवा होता आणि पायऱ्या झाडलेल्या होत्या. म्हणून कुणाचा पाय चुकला नाही. हे सगळं काकांनी आम्हाला मिळवून दिलेलं होतं, आणि त्यांच्या वाट्याची एक सही माझ्याकडून झाली नव्हती. मला तो जिना कधी संपतो असं झालं. मी भरभर उतरू लागलो.

पुढे चाललेले काका थांबले आणि मागे वळले.

"हळू न्या, मास्तर. वर्षानं खाली उतरून राह्यली ते."