‘त्यांनी’ म्हणजे कोणी?

तुमचं वावर कुणी बळकावलं, तर अर्जात त्याचं नाव लिहाल, की ‘त्यांनी’ लिहून अदबीनं मान खाली घालाल?

बोरीच्या दैवशालानं मान खाली घातली होती. नवरा वारला आणि थोरल्या दिरानं तिच्या वाटणीच्या वावरात औत घातलं. तिनं सांगितलं तसंच भाचीनं अर्जात उतरवलं: ‘त्यांनी त्यांच्या वावरात त्यांना न विचारता औत घातलं.’ सुनेनं नवऱ्याचं, दिराचं नाव घ्यायचं नाही, ही म्हणे घराण्याची रीत! चौकशीला दीर छाती काढून उभा. “भावानं माझ्या वावरात औत घातलं होतं, आसंच लिवलंय की साहेब. आता मेलेल्यावर काय राग धरायचा?” अर्ज निकाली.

तो कागद सुकेशनीच्या हातात आला आणि तिचं डोकं फिरलं. सुकेशनी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, दहावी शिकलेली, ऊसतोड करून आलेली. तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहून देते. शाळेत कुणी वस्तीला ‘ते लोक’ म्हटलं, की भर वर्गात उठून विचारायची, “ते म्हंजी कोण? नावं घ्या!” तो ताव अजून उतरलेला नाही.

“काकू, औत कुणी घातलं?”

“त्यांनी.”

“त्यांनी कुणी?”

“अगं, थोरले भाऊजी हायत. नाव कसं घेऊ?”

“आन् वावर कुणाचं?”

“ह्यांचं.”

“ह्यांचं म्हंजी ह्या लिंबाचं का?”

“आसं काय बोलायलीस! नाव घेतलं की माणसाचं वय कमी होतं म्हणत्यात.”

“काका तर गेले. दिराचं कमी झालं तर सांगा, पेढे वाटते!”

दैवशालाला हसू आलं, मग रडू आलं. नाव मात्र येईना. सुकेशनीनं पेन आपटलं. “लग्नात मांडवभर लोकांसमोर घेतलं होतं ना नाव? मग आता घ्या उखाणा!”

आजूबाजूच्या बाया सरकून जवळ आल्या. दैवशालानं पदर सावरला.

“पोखर्णीच्या नरसिंहाला वाहते मी फुलं,
सुग्रीवरावांचं वावर गोपीचंदानं गिळलं!”

बाया खो खो हसल्या. दैवशाला हसली नाही. “लिव आता,” एवढंच म्हणाली.

सुकेशनीनं लिहिलं: ‘माझे मयत पती सुग्रीव यांच्या वाटणीच्या वावरात माझे दीर गोपीचंद यांनी मला न विचारता औत घातलं.’ दैवशालानं ओळीवर बोट फिरवत वाचलं आणि सही ठोकली.

पुढच्या चौकशीला गोपीचंदाला मेलेल्या भावाच्या आड लपता आलं नाही. वावराचा निकाल अजून लागायचाय. पण आता जाब त्यालाच द्यावा लागायलाय.

कसली ही रीत? लुटणाऱ्याचं नाव झाकायचं, आणि झाकायचं कुणी, तर लुटलेल्या बाईनं! तुमच्या घरातली लेक, सून, भावजय उद्या कागदावर नुसतं ‘त्यांनी’ लिहील. तो कागद तसाच पुढं जाऊ देऊ नका. तिच्याजवळ बसा, “कुणी?” म्हणून विचारा, आणि नाव लिहायला लावा.