काढून ठेवलेल्या बुटातला पाय

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गोष्टी मला ऐकायलाही आवडत नाहीत. गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी यायचे. आमच्या धनगराच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. मोजता येतं तेच खरं, असं मानणारी. तरी हे लिहितेय, कारण हे मी स्वतः मोजलंय...

दुष्काळाची वर्षं होती. बिडकीनकडं इंडस्ट्रीसाठी जमिनी घेतल्या होत्या, रुंद रस्ते झाले होते, कारखाने यायचे होते. त्या मोकळ्या प्लॉटांवर आबा — माझे वडील — मेंढरं चारायचे. आबांना जुनी शुगर. तळपाय बधिर, काटा रुतला तरी कळायचं नाही. अशाच एका जखमेपायी डाव्या पायाची करंगळी कापावी लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा जखम चिघळली तर घोट्यापासून पाय जाईल." मेंढरामागं चालणाऱ्या माणसाचा पाय जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मी शहरात एका छोट्या कंपनीत मऊ प्रेशर सेन्सर बनवायचे. रबरासारखी पातळ पट्टी, दाब पडला की सिग्नल देणारी. करंगळी गेल्यावर आबांच्या बुटांसाठी मी तसे सोल बनवले. तळव्यावर कुठं किती दाब पडतोय त्याचा नकाशा त्यांच्या खिशातल्या फोनमार्फत माझ्या फोनवर यायचा. एकाच जागी दाब टिकून राहिला की ती जागा लाल व्हायची आणि अलार्म वाजायचा.

"बूट घातले की मेंढरं बी वळखंनात मला," आबा कुरकुरायचे. "कुणी सायब आला म्हणून पळत्यात."

"पळू द्या. बूट काढायचे नाहीत."

एका दुपारी मी ऑफिसात डबा उघडला आणि अलार्म वाजला. डावा बूट. अंगठ्याखालची जागा लालभडक. लगेच फोन लावला.

"आबा, थांबा आधी. डाव्या बुटात काहीतरी गेलंय."

"थांबू काय? लिंबाखाली बसलोय, भाकर खातोय."

"मग बुटावर एवढा जोर कशाला देताय?"

"बूट तर काढून ठिवलेत की दगडावर."

"काढले? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"अगं, पायात घालून अन्न खाऊ व्हय? डॉक्टरचा बाप खात असंल."

भाकरीपुढं पायताण नको, हे आबांच्या हाडात मुरलेलं. भांडून उपयोग नव्हता. पण स्क्रीनवर त्या रिकाम्या बुटात उभ्या माणसाचा भार दिसत होता... आणि लाल डाग जागचा हलत नव्हता. का कुणास ठाऊक, मी म्हणाले, "आबा, डावा तळवा बघा बरं. अंगठ्याच्या खाली."

"काय नाय तिथं. दुखत बी नाय."

"तुम्हाला दुखणारच नाही! हात फिरवून बघा."

थोडा वेळ नुसतं मेंढरांचं ओरडणं ऐकू आलं. मग आबांचा आवाज, एकदम बारीक — "नंदा... हात वला झाला गं."

जेवणाआधी हात धुवायला ते अनवाणीच रस्त्याच्या कामावरच्या टँकरपर्यंत गेले होते. वाटेत तारेचा तुकडा तळव्यात घुसला होता. अंगठ्याच्या बरोबर खाली.

ऑफिसातल्या सलीमनं बाईक काढली. मी मागं बसले, आबांना गाठलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हाच पाय बुटात घालून दिवसभर चालले असते, तर वाचवणं अवघड होतं."

दुसऱ्या दिवशी सलीम म्हणाला, "पुराना डेटा होगा मॅडम. अटक गया होगा कहीं."

मी त्याला नकाशा दाखवला. आबांच्या डाव्या पायाचा ठसा मी झोपेतही ओळखेन — चार बोटं, आणि कडेला रिकामी जागा. त्या दुपारच्या ठशात पाच बोटं होती.

"सलीमभाई, जुन्या डेटात करंगळी कुठून आणू?"

त्यानं नकाशा मोठा करून एकेक बोट मोजलं. "फिर पाँव किसका है ये?"

ऊन लागून सोल तापला असता, तर सगळीकडं दाब सारखाच वाढलेला दिसला असता. मेंढरू चढलं असतं, तर खुरांचे दोन डाग दिसले असते. दुसऱ्या कुणी बूट घातला म्हणावं, तर तो आबांच्या हाताशी होता. तोच सोल मी लॅबमध्ये वजनं ठेवून तपासला. चोख चालतो.

आबांना मात्र काही कोडं पडलं नाही. पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून म्हणाले, "माझाच पाय व्हता त्यो. मला सांगून कळंना, म्हणून तुला सांगितलं त्यानं."

मी हसले. मला ते पटत नाही... आजही नाही. जखम भरली, आबा पुन्हा मेंढरामागं चालतात. पाय वाचला एवढं मी छातीठोक सांगू शकते. त्या बुटात कोण उभं होतं, ते मला सांगता येत नाही. आणि मी इंजिनिअर आहे, म्हणूनच काहीतरी कारण जुळवून ते सांगणारही नाही.