पट्टी उतरेल

माझी थोरली बहीण धवलारीण होती. लांबच्या वाचकाला हा शब्द माहीत नसेल, म्हणून सांगते. आमच्या आगरी लग्नात भटजी असतातच, पण खरं लग्न लावते ती धवलारीण. तांदळाचा चौक भरायचा, देव बोलवायचे, नवरीला हळद लावायची, हे सगळं ती गाऊन करते आणि त्या गाण्याला धवला म्हणतात. ओळ ती म्हणणार आणि ओळीचं शेपूट मागच्या बायका ओढणार. आम्ही तिला बाय म्हणायचो. जासईला दिली होती. जासईत आता शेतं उरली नाहीत, कंटेनर उरलेत, ट्रेलर दिवसभर धडधडतात. पण बाय मांडवात उभी राहिली की ट्रेलरवाला हॉर्न द्यायचा थांबतो असं लोक म्हणायचे. मी धाकटी, पनवेलात दिलेली. आता लेकाबरोबर सुकापूरला राहते.

बायचा आवाज बसला तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. लग्नसराई संपली की तो बसायचाच. ज्येष्ठमधाची काडी चघळायची, गरम पाणी प्यायची, पावसाळ्यापर्यंत जागेवर यायचा. त्या वर्षी नाही आला. मग मानेत गाठ दिसली. गाठीतून तुकडा काढून तपासायला दिला, तिथं पट्टी बांधली, आणि बाय माझ्याकडे राहायला आली, कारण इस्पितळ माझ्या घरापासून जवळ.

डॉक्टर चांगले होते. थकलेल्या चेहऱ्याचे, पण बसवून सांगणारे. म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल, थांबून चालणार नाही. मानेला श्वासाचं भोक राहील. मग आत एक लहानसा व्हॉल्व बसवू, भोकावर अंगठा ठेवून बोलायचं, आवाज येईल. व्हॉल्व म्हटल्यावर बायला आमच्या सोसायटीतला पाण्याचा व्हॉल्व आठवला. घरी येताना रिक्षात मला विचारते, "तुज्याकडं पानी येतं दिसाआड, तसाच येल काय आवाज?" मी हसले. ती पण हसली.

त्याच इस्पितळात एक संशोधन चाललं होतं. स्वरयंत्र काढलेल्या माणसांना नवा आवाज कसा द्यायचा, याचा चार जण मिळून अभ्यास करत होते. एक हे डॉक्टर. दुसरी एक सोलापूरकडची बाई, ती मटेरियल सायन्सवाली. त्या व्हॉल्वच्या रबरावर तोंडातली बुरशी चढते आणि तो गळायला लागतो म्हणे, तर बुरशी चढणार नाही असं रबर ती शोधत होती. मी तिला रबरवाली म्हणायचे, तिला राग यायचा नाही. तिसरा मॅनेजमेंटचा मुलगा. माणसं एकदा व्हॉल्व बसवून घेतात आणि दुसरा बदलायला परत का येत नाहीत, हे तो विचारत फिरायचा. आणि चौथी गाणंवाली, संगीतात पीएच.डी. करणारी. आधी गाणारं माणूस नंतर व्हॉल्वमधून गाऊ शकतं का, हा तिचा विषय. बाय धवलारीण आहे हे कळल्यावर तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं, हिला नवरा मिळाला.

ती सुकापूरला घरी आली ते रेकॉर्डर घेऊनच. ऑपरेशनच्या आधीचा आवाज तिला हवा होता, नंतरच्याशी ताडून बघायला. मी पोहे केले. पोरीनं खाल्ले, नावाजले, बायच्या पायाशी बसली.

"आजी, एकच धवला म्हणा ना."

"कोनाचं लगीन हाय?"

"कोणाचं नाही. अभ्यासाला हवाय."

"मंग देव बोलवू नि बसवू कुटं? ह्या फ्रिजवर?"

पोरगी हसली, मी हसले, पण बाय हसली नाही. धवल्यात देवांना नावानं आवतण जातं, गावदेवीपासून घराण्यातल्या मेलेल्या माणसांपर्यंत सगळ्यांना. मांडव नसताना आवतण द्यायचं नाही, हा नियम. म्हणूनच तर धवला कुठं शिकवत नाहीत. धवलारणीच्या बाजूला बसून लग्नं करायची आणि येईल तेवढा उचलायचा. बायच्या बाजूला अलीकडे कोणी बसेना. हळदीला डीजे लागायला लागल्यापासून तर पोरींना शेपटंसुद्धा येईनात.

गाणंवालीनं मग ओवी मागितली, अंगाई मागितली, काहीही म्हणा म्हणाली. बाय म्हणाली, बसलेल्या गळ्यानं मी गात नाय. नातीचं लगीन ठरलंय, बरी झाले की तिच्या मांडवात ये, तवा पोटभर घे. ही नात बायनंच वाढवलेली, आईविना. तिचं लग्न लावायचं एवढीच बायची आस होती. ऑपरेशनला ती तयार झाली तीही त्याच एका गोष्टीसाठी.

पोरीला तिला फसवायचं नव्हतं. तिनं बायचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "आजी, ऑपरेशननंतर पट्टी उतरेल. पण आवाज राहील."

बायनं मानेवरच्या पट्टीवर हात फिरवला. त्या पट्टीखाली तिला फार खाज यायची, उठताबसता कटकट करायची. म्हणाली, "उतरूदे की. उतरली तर बरंच हाय."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते तेव्हा विचित्र वाटलं. पट्टी उतरणार म्हणून रडायचं काय? दारात चपला घालताना ती मला म्हणाली, आजी फार धीराच्या आहेत. मी म्हटलं, आहेच ती तशी.

आता कळलं असेल तुम्हाला. गाणाऱ्यांच्या भाषेत पट्टी म्हणजे सुराची उंची. काळी चार, पांढरी पाच, तसलं. आवाज खालच्या सुरात जाईल, पूर्वीसारखा चढणार नाही, असं ती पोर सांगत होती. बायनं ऐकलं ते असं की मानेचं फडकं सुटेल आणि आवाज आहे तसा राहील. मीही तेच ऐकलं. धवलारणीला पट्टी कोण विचारतो? तिथं पेटी नाही, तंबोरा नाही. बाय उभी राहील ती तिची उंची.

नंतर मी खूप विचार केला या शब्दाचा. डॉक्टरांची पट्टी जखमेवरची. रबरवालीची पट्टी म्हणजे तिच्या प्रयोगशाळेतले रबराचे तुकडे, लाळेसारख्या पाण्यात भिजत घातलेले. त्या मॅनेजमेंटच्या मुलाचे वडील भाजी मार्केटला पाठवायचे, त्याची पट्टी म्हणजे अडत्याकडून येणारा हिशेबाचा कागद. चौघं एका टेबलाशी बसायचे, आणि "आजी म्हणाल्या पट्टी उतरली तरी चालेल" असं गाणंवालीनं तिथं सांगितलंही होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी काय समजून डोलावली, देव जाणे. यात मी कोणाला दोष देत नाही. ती माणसं मनापासून काम करत होती.

ऑपरेशन झालं. बाय बरेच दिवस पाटीवर लिहून बोलायची, म्हणजे चित्रं काढायची, कारण तिला लिहिता येत नव्हतं. पाणी हवं तर तांब्या, मी हवी तर चष्मा. त्याचीही आम्ही गंमत करायचो. आवाज येणार आहे या भरवशावर माणूस गप्प राहायलाही कंटाळत नाही.

मग तो दिवस आला. चौघंही खोलीत होते. नवीन रबराचा व्हॉल्व बसवला होता. डॉक्टरांनी तिचा अंगठा धरून मानेच्या भोकावर ठेवला आणि म्हणाले, श्वास घ्या, आता बोला. आधी नुसतं घुर्र झालं. मग एक, दोन, तीन. आवाज बाप्याचा. विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या बाप्याचा. पण शब्द स्वच्छ होते. रबरवालीनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर हसले, मी त्यांना पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं. एवढ्या लवकर इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं म्हणाले.

बायनं सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अंगठा पुन्हा ठेवला.

"पट्टी तर उतरली," ती म्हणाली. "आता माजा आवाज कवा येल?"

खोलीत कोणाला काही कळलं नाही, एका गाणंवालीला कळलं. डॉक्टर तिला विचारत होते, काय झालं? तिनं मला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. मी परत आत जाऊन बायला सांगितलं. दुसरं कोण सांगणार? मी म्हटलं, बाय, हाच आहे तुझा आवाज आता. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकीच्या घरात शिरून बोलतेय.

त्यांच्या अभ्यासात बायचा निकाल सगळ्यात चांगला लागला. हे मला मॅनेजमेंटच्या मुलानंच सांगितलं, आणि सांगताना त्याला स्वतःलाच लाज वाटली. त्याच्या प्रश्नाचं उत्तरही बायनं दिलं. लोक परत का येत नाहीत, त्यानं विचारलं. लांब पडतं का, रजा मिळत नाही का, कोणी सोबत यायला नसतं का? बाय म्हणाली, "घरात बोलले तर पोरं दाराकडं बगतात, कोन बाप्या आला म्हनून. मंग गप राहतो मानूस. गप राहनाऱ्याला नवा वॉल काय कराचा?" तो लिहायचा थांबला. हे कुठल्या रकान्यात घालायचं, ते त्याला कळेना.

गाणंवाली मात्र येत राहिली. तिच्या अभ्यासाला आता बायचा काही उपयोग नव्हता, आधीचा आवाजच नव्हता तिच्याकडे. होता तो एवढाच, "कोनाचं लगीन हाय" पासून "बरंच हाय" पर्यंत, बोलण्यातला, घोगरा. तरी यायची. बायचे पाय चेपायची. बाय तिला रागावली नाही कधी. एकदा मलाच म्हणाली, पोरीला जेवल्याबिगर सोडू नको, लय बारीक झालीय.

नातीचं लग्न हॉलवर होतं, पण हळद जासईला दारातच घातली. मांडव, आंब्याचे डहाळे, चौकाला तांदूळ, सगळं बायनं मांडलं. दुसरी धवलारीण आणूया असं बायचा जावई, नातीचा बाप, म्हणाला होता. मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी नातीनं बसू दिली नसती. नवरी पाटावर बसली. मागच्या म्हाताऱ्या बायका जागा धरून बसल्या. डीजेवाल्याला नातीनं स्वतः उठून बंद करायला लावलं आणि परत येऊन पाटावर बसली. "आजे, म्हन," एवढंच म्हणाली.

बायनं डाव्या हाताचा अंगठा मानेवर ठेवला आणि पहिली ओळ म्हटली. म्हटली म्हणजे सांगितली. तो खोल, खरखरीत आवाज जमिनीलगत गेला. मागच्या बायकांनी शेपूट उचलायला तोंड उघडलं आणि त्यांना धरायला काही मिळेना. जन्मभर त्यांनी जिथून उचललं होतं, तिथं ओळ नव्हतीच, फार खाली होती. दोघीतिघींनी प्रयत्न केला, एकीचा सूर फाटला, कोणी पोरं खुसखुसली. बायनं अंगठा काढला.

मला वाटलं, उठते आता. उठली नाही. चौक भरायला दोन्ही हात लागतात. तिनं ओंजळीत तांदूळ घेतले आणि ओठांनी म्हणायला लागली, बिनआवाजी. ओळ संपली की मान हलवायची. त्या खुणेवर बायका शेपूट ओढायच्या, आपल्या जुन्या उंचीवर, मीही त्यांच्यात. पुन्हा बायचे ओठ, पुन्हा आमचं शेपूट. शब्द आम्हाला कोणालाच येत नव्हते, फक्त शेवट येत होते. असा सगळा धवला झाला. नवरी रडत होती आणि बाय तिच्या गालाला हळद लावत होती, ओठ हलतच होते.

गाणंवालीनं ते सगळं रेकॉर्डरवर घेतलं, तसं बायनं तिला सांगूनच ठेवलं होतं.

बाय गेली. आजार दुसरीकडून आला, व्हॉल्व चांगला चालू असताना. त्या पोरीचं पीएच.डी. अजून चाललंय. महिन्यातून कधीतरी येते, माझ्या कानाला ते मोठे हेडफोन लावते आणि ती हळद ऐकवते. आमची शेपटं लख्ख ऐकू येतात. मधे मधे तांदूळ सांडल्याचा आवाज, बायच्या मानेतून जाणारा-येणारा श्वास, लांबवर ट्रेलर. ती बोटानं थांबवते आणि विचारते, आजी, इथं काय शब्द असतील, काही आठवतं का? मी डोळे मिटते. मला बायचे ओठ दिसतात, हलताना. पण मी कधी तिच्या तोंडाकडे बघून ऐकलंच नव्हतं, कानांनीच तर ऐकायची गोष्ट होती ती.

मी म्हणते, नाही गं आठवत. पुढं चालव.