पक्का रंग

कुठलीही गिटार हातात आली की काका ती आधी वाजवत नसत. नारळ घेताना आपण करतो तसं तिच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे, "अजून थोडं राहिलंय." काय राहिलंय, ते सांगत नसत. गिटार पन्नास वर्षांपूर्वीची असो की गेल्या दिवाळीतली, त्यांच्या मते प्रत्येकीत थोडं राहिलेलं असायचंच, आणि ते भरून काढायला शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर तयार असायचा.

गिटार म्हटल्यावर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुलींकडे बघत वाजवतात ती तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल, तर ती बाजूला ठेवा. ही बेस गिटार. चार जाड तारा, लांब मान, आणि वाजवणारा स्टेजवर कायम मागे. ती वाजत असते तेव्हा कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही. थांबली की मात्र गाणं पोकळ झालं एवढं सगळ्यांना कळतं. असल्या जुन्या गिटारी शोधायच्या, उघडायच्या, त्यांचे भाग बदलायचे आणि मग त्यावर तास न्‌ तास वाद घालायचा, असा छंद असलेली माणसं आपल्या उपनगरांत फार नाहीत. जी आहेत ती रविवारी सकाळी मुलुंडला काकांच्या घरी जमायची. अंधेरीच्या विमा कचेरीतला मी, बोरिवलीचे एक दातांचे डॉक्टर, आणि अधूनमधून उगवणारे दोघे-तिघे. डॉक्टर दात कोरायच्या मशीनने गिटारीच्या मानेवरच्या पट्ट्या घासून द्यायचे. ते मशीन सोमवारी कुणाच्या तोंडात जायचं, हा विषय आम्ही काढत नसू.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घर दोन खोल्यांचं. दिवाणाखाली गिटारी, कपाटावर गिटारी, एक फ्रिजच्या मागे. पाहुणा राहायला आला तर त्याला उभाच झोपवावा लागेल, असं काकू पोह्यांच्या बश्या देताना म्हणायच्या. काकांनी सर्वांत जाड तार छेडली की खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या फळीवरचे स्टीलचे पेले किणकिणायचे, आणि बाई तक्रार घेऊन वर यायच्या. काका भांडत नसत. सगळे पेले किणकिणले की एकच, एवढं ते मनापासून विचारायचे. बाईही बिचाऱ्या आठवून सांगायच्या. मग काका आत जाऊन कुठलातरी स्क्रू घट्ट करायचे.

पण या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच गिटार होती. गडद लाल, जपानी बनावटीची, त्यांच्या धाकट्या भावाची. हा भाऊ घाटकोपरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा आणि तिशी गाठायच्या आत काविळीने गेला. लग्न झालेलं नव्हतं. फोटो आहेत त्यांतही तो मागेच, ड्रमच्या आडोशाला. त्याची म्हणून दोनच गोष्टी उरल्या, ही गिटार आणि एक कॅसेट. गणपतीतल्या कुठल्याशा कार्यक्रमात ऑर्केस्ट्रातल्या कुणीतरी ती भरली होती. तिच्यात एका गाण्याच्या मध्ये बाकीची वाद्यं थांबतात आणि बेस एकटी चालते. शिंक येऊन जावी एवढाच वेळ. तो तुकडा काकांनी मोबाइलवर घेतला होता आणि नवा माणूस आला की त्याला ऐकवायचे.

"पिकलेला फणस अंगणात पडतो ना, तसा आवाज आहे बघ," ते म्हणायचे. "आमच्या कणकवलीच्या घरी पडायचा तसा. गोल."

अडचण अशी, की भावाच्या गिटारीतून तो आवाज येत नव्हता. भाऊ गेला हे काकांनी कसंबसं मान्य केलं असावं, पण आवाज गेला हे त्यांना मान्य नव्हतं. गिटार तीच आहे, तर आवाज तिच्या आतच कुठेतरी अडकला असणार. तो मोकळा करायचा, एवढंच त्यांचं निवृत्तीनंतरचं आयुष्य होतं. त्यासाठी त्यांनी तारांखालचं चुंबक बदललं आणि मूळचं मला देऊन टाकलं. मग तारा पिळायच्या खुंट्या बदलल्या, त्या डॉक्टरांकडे गेल्या. मग मानेखालची पट्टी. प्रत्येक बदलानंतर एकदा मोबाइल, एकदा गिटार, असं आळीपाळीने ऐकायचं आणि मान हलवायची. जवळ आलंय. अजून थोडं राहिलंय.

होता होता बदलण्यासारखा फक्त रंग उरला. त्या जुन्या रंगात एक जागा होती. बेस वाजवणाऱ्याचा उजवा हात कोपराखाली गिटारीच्या वरच्या कडेवर टेकतो. वर्षानुवर्षं टेकून टेकून तिथला रंग उडाला होता आणि तळव्याएवढं लाकूड उघडं पडलं होतं, घासून घासून अगदी मऊ झालेलं. आमच्यासारख्या छंदिष्टांना अशी जागा म्हणजे देव्हारा. पण काकांच्या डोक्यात बसलं, की जुन्या जाड रंगाखाली लाकूड गुदमरतंय. सगळा रंग खरवडायचा आणि वर पातळ, पक्का रंग द्यायचा. डॉक्टर एरवी कुणाला विरोध करत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, की काका, बाकी काहीही करा, हा डाग राहू द्या.

"डाग जपू की आवाज?" काकांनी विचारलं.

रंग कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये दिला. गाड्यांच्या बॉनेटला देतात तो, दोन डबे एकत्र करून फवारायचा. गिटार आली तेव्हा तिच्यात खिडकीचे गज दिसत होते. काका आम्हाला नख मारून बघायला सांगत होते. ओरखडा उठेना. "आपण जाऊ, पण हा नाही जाणार," ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. आवाज अजून फणसाचा नव्हता, ती गोष्ट वेगळी.

नंतरच्या एका रविवारी डॉक्टरांनी त्या ऑर्केस्ट्राचा ड्रमर शोधून आणला. भावाचा दोस्त, आता साठीचा, ठाण्याला नातवंडांत रमलेला. काकांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू. त्यांनी त्याला दिवाणावर बसवलं, गिटार दाखवली आणि मोबाइल त्याच्या कानाशी धरला. आवाजाचं नेमकं काय राहिलंय ते सांगू शकेल असा माणूस अखेर घरी आला होता. ड्रमर ऐकत हसला. डोळेही पुसले.

"झकास वाजवायचा यार," तो म्हणाला. "पण दादा, ही गिटार नाय ती. ह्या प्रोग्रामला हिचा आवाजच येईना, वायर तुटलेली आतली. दुसऱ्या पार्टीकडून मागून आणलेली एक, मीच गेलेलो आणायला. पांढरी होती."

काकांनी एकदाच विचारलं, "नक्की?"

"स्टेजवर बाजूलाच होतो ना त्याच्या."

काकांनी मोबाइल खिशात ठेवला आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. सगळ्यांनी चहा घेतला. ड्रमर बोलत राहिला, त्या दिवसांतल्या गमती सांगत राहिला. आपण काय केलं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याला सांगणार तरी कोण? तो गेल्यावर काकांनी गिटार मांडीवर घेतली आणि वरच्या कडेवर, जिथे तो डाग होता तिथे, तळवा ठेवला. आमच्याशी ते कधी मालवणीत बोलले नव्हते.

"थंयच तेचो हात होतो रे," ते म्हणाले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

आम्ही आमच्या परीने धावपळ केली. मी चुंबक परत आणलं, डॉक्टरांनी खुंट्या आणल्या, सगळं होतं तसं बसवलं. डॉक्टर म्हणाले, फोटो बघून त्या जागेचा रंग मी मशीनने हुबेहूब उडवून देतो, आजकाल लोक हौसेने करून घेतात. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या मशीनचा हात ठेवून काय करू, डॉक्टर?" एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर बाकीच्या गिटारी घरातून गेल्या. ज्याला जी हवी ती त्याने न्यावी, असं काकांनी सांगितलं, आणि आम्ही नेल्या. फ्रिजच्या मागची जागा रिकामी झाली तेव्हा काकूंनाच रडू आलं. रविवारचे पोहे चालू राहिले, पण टकटक बंद झाली. खालच्या बाई एकदा वर आल्या त्या बरं आहे ना विचारायला.

काका बाल्कनीत लाल गिटार घेऊन बसायचे, सदऱ्याची बाही वर करून, उजवा हात कडेवर टेकून. तारांना बोट लावत नसत. हात मात्र मागेपुढे हलत असायचा. मला आधी वाटलं, चाळा असेल. मग समजलं, आणि मी तिकडे बघायचं टाळू लागलो. त्यांना म्हणावंसं वाटायचं, काका, जो डाग पडायला त्याची दहा वर्षं लागली, तो तुम्ही या वयात कसा पाडणार? आणि पाडलात तरी तो हात तुमचा असेल. पण हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. रोज बसत होते ते कळूनच.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. फार दिवस अंथरुणाला खिळले नाहीत, हीच काय ती बरी गोष्ट.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर काकूंनी मला बाल्कनीत बोलावलं. गिटार खुर्चीवर ठेवलेली होती. "तुला कळतं यातलं," त्या म्हणाल्या. "बघ रे जरा, रंग गेलाय का कुठे? थोडातरी?"

मी गिटार उचलून उजेडात तिरकी धरली. रंग कुठेही गेला नव्हता. पण वरच्या कडेवर तळव्याएवढा एक मंद पट्टा होता, घामाचा, तेलकट. रोज हात टेकून बसलेला. तेवढ्या जागेत चमक नव्हती.

"इथे आहे बघा थोडं," मी म्हणालो.

"कुठे?" काकू पुढे झाल्या, आणि कुठलीही वस्तू नीट बघण्याआधी बायका पुसून घेतात तशी त्यांनी पदराने ती जागा पुसली. मग वाकून बघितलं. तिथे आता त्यांचा चेहरा दिसत होता.

"काहीच नाही रे," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो, आणि गिटार होती तशी खुर्चीवर ठेवली.