अमोनियाचं पुडकं

एक मोल अमोनियात किती अणू असतात, हे मी माझ्या नातीला साफ चुकीचं शिकवलं, आणि तेही डोळे वटारून. अडाणी असते तर कुणी माफ केलं असतं. माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती. लग्नात कपाटात ठेवलेली ती पदवी मी थेट नात अकरावीत केमिस्ट्रीत नापास झाल्यावर बाहेर काढली.

मुलानं घरात जाहीर केलं होतं, फेरपरीक्षेत सुटली नाही तर कॉमर्स. पोरीला सायन्सच हवं होतं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. सून म्हणाली, "विरारला चांगला क्लास आहे, लावूया." पण साठी ओलांडलेल्या त्या तरुणीला, म्हणजे मला, कोण आवरणार?

"घरात बी.एस्सी. बसलेली असताना क्लास कसला?"

झालं. नायगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर शाळा भरली.

"मोल म्हणजे डझनाचा थोरला भाऊ," मी सांगितलं. "डझनात बारा, मोलमध्ये ॲव्होगाड्रोचा तो लांबलचक आकडा. सतरा ग्रॅम अमोनिया म्हणजे एक मोल. तोच आकडा लिही, तेवढे अणू."

"पण आजी, हे रेणू झाले ना? एका रेणूत एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. मग चारनं..."

"जास्त शहाणपणा नको. आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

आमच्या वेळी अमोनियात हायड्रोजन नसावा बहुतेक.

तेवढ्यात बेल वाजली. सुनेचं माहेर आगाशीचं. तिच्या आईनं कुणाच्या तरी हाती सुकेळी पाठवली होती. उन्हात वाळवलेली गोड केळी, केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधलेली.

"पाच पुडकी पाठवलीत आईनं," सून हरखून म्हणाली.

मी शिकवणी तिथंच टाकली. एक पुडकं सोडलं, चव बघत बघत आतली केळी मोजली, पाचानं गुणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गेल्या खेपेपेक्षा कमीच आहेत हो. पुडकी दिसायला तेवढीच, आतून मात्र एकेक काढून घेतलंय!"

सून उरलेली पुडकी उचलून आत गेली. नात माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मला वाटलं, आजीच्या हिशेबाचं कौतुक वाटतंय पोरीला.

फेरपरीक्षेत ती पास झाली. सायन्स वाचलं. मी उरलेली सुकेळी घेऊन मजल्यावरच्या प्रत्येक दाराशी गेले आणि कुणी विचारायच्या आत सांगत सुटले, "तयारी मीच करून घेतली हो." मग घरी येऊन ऐटीत पेपर मागितला. अमोनियाच्या उत्तराला तिनं चारनं गुणलं होतं, आणि त्यावर बरोबरची ठसठशीत लाल खूण.

"हे काही मी शिकवलं नव्हतं," मी म्हणाले.

"शिकवलंस की आजी! आगाशीच्या आजीचं पुडकं सोडून आतली केळी मोजलीस आणि पाचानं गुणलंस. मी तेच केलं, फक्त अमोनियाचं पुडकं सोडलं. आणि आता तिला फोन करून सॉरी म्हण. केळी कमी नव्हती, एक तू मोजता मोजता खाल्लं होतंस."